सात मुटुबा आणि माझे शेवटचे वस्त्र

मी, तेओपिस्टा नाकिबुले, वय एकाहत्तर, व्यवसाय चित्रकला, राहणार लुगोंझे, जिल्हा म्पिगी, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाला न जुमानता हे माझ्या हाताने लिहीत आहे. अक्षर कापते. निश्चय कापत नाही.

१. घर व सर्व पुस्तके माझी मुलगी नासुना हिला. पुस्तके वाचावीत, नुसती झटकू नयेत.

२. माझे वडील ज्या तीन लाकडी मोगऱ्यांनी मुटुबाच्या झाडाची साल कुटून कापड करीत, त्या भाचा सेबुन्या यास. या कापडात आम्ही मृतांना गुंडाळतो. मी त्यावर दलदलीच्या चिखलाने बगळे व लव्हाळे रंगवले. काम्पालातल्या पहिल्या प्रदर्शनात कुळातले एक आजोबा म्हणाले, "पोरी, मढ्याचं कापड आहे ते." मी म्हणाले, "तुम्हाला मढं दिसतं, मला झाड दिसतं." पुढची चाळीस वर्षे मी तेच उत्तर रंगवत आले.

३. एक कबुली. एकोणिसाव्या वर्षी चित्राच्या घाईत सोललेल्या खोडाला केळीची पाने बांधायची मी विसरले. पाने बांधली तर नवी साल धरते. झाड वाळले. वडील एवढेच म्हणाले, "चित्र तुझं झालं. झाड कुणाचं गेलं?" त्यानंतर एकही खोड मी उघडे सोडले नाही.

४. उरलेली सात मुटुबाची झाडे सेबुन्याला वीटभट्टीत जाळायची आहेत. गेल्या महिन्यात माझ्याच हातचे मटोके खात तो म्हणाला, "आत्या, झाडांची चित्रं काढलीस ना पोतंभर? मग झाडं कशाला ठेवायची?" आणि हसला. त्याचे उत्तर पुढील कलमात.

५. सालीच्या कापडावरचे सात झाडांचे माझे मोठे चित्र दोन संग्रहालये मागत आहेत. ते कुणालाही देऊ नये. मला त्यातच गुंडाळावे, रंगवलेली बाजू आत. चर्चच्या आवारात नेऊ नये. त्या सात झाडांच्या मधोमध पुरावे. कबरीची जमीन आमच्यात कुणी विकत नाही, आणि आत्याच्या डोक्यावरच्या झाडाला कुऱ्हाड लावण्याची सेबुन्याची छाती नाही. लहानपणी अंधारात परसात जायलाही तो माझा हात धरायचा.

नासुना विचारते, "आई, तुझं सगळ्यात चांगलं चित्र मातीत घालू?"

घाल. चित्र खाली जाईल, झाडे वर राहतील.

सही: तेओपिस्टा नाकिबुले
साक्षीदार: १. योवाना मुकालाझी, साल कुटणारे. २. पेरेपेटुवा नान्योंगा, शिक्षिका.
लुगोंझे, ता. ९ ऑगस्ट २०२४