खालच्या मजल्यावरची फ्रेंच बाई

आई, खालच्या मजल्यावरच्या बाईचा मला हेवा वाटतो. इथे हे कुणाला सांगायची सोय नाही. नवऱ्याला एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाला, "अगं, ती आपलं पोर सांभाळते आणि तू तिच्यावरच जळतेस?" तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. तुला माझा नवरा माहीत नाही, मुलगा माहीत नाही, हे जर्मनीतलं रेगेन्सबर्ग तर नाहीच नाही. म्हणून तुलाच सांगते.

मुलगा सहा वर्षांचा आहे. या वर्षी पहिलीत गेला, पण शाळा सुटल्यावर मुलं ठेवतात त्या होर्टमध्ये त्याला जागा मिळाली नाही. नवरा गाड्यांच्या कारखान्यात, मी सॉफ्टवेअर कंपनीत, दोघंही संध्याकाळपर्यंत बाहेर. मी रडकुंडीला आले होते तेव्हा ही फ्रेंच बाई जिन्यात भेटली. म्हणाली, "माझ्या दोघी असतातच घरी. तिसरा आला तर काय बिघडलं?" नवऱ्याच्या नोकरीपायी ती ल्योंहून इथे आलेली. घरी बसून भाषांतराची कामं करते. तेव्हा मला ती देवासारखी वाटली होती.

मग मी तिचं घर बघायला लागले. शाळा-बालवाडीतून आल्यावर तिन्ही मुलं टेबलाशी बसतात. पावाच्या तुकड्यात चॉकलेटची वडी घालून ती प्रत्येकाला देते, आणि विचारल्याशिवाय कुणी उठत नाही. मी न्यायला गेले की तिच्या मुली उठून "बोंजूर" म्हणतात. मुली जर्मनमध्ये बोलल्या तर ही रागावत नाही, नुसती भुवई वर करून थांबते, की मुली तेच वाक्य फ्रेंचमध्ये म्हणतात. आणि माझ्या घरी? मी म्हणते, "हात धू रे", तो जर्मनमध्ये म्हणतो, "या, ग्लाइश," म्हणजे हो, थोड्या वेळाने. मीही दमलेली असते, मग माझ्याच तोंडून "आल्झो, श्नेल!", चल, लवकर, असं जर्मनच निघून जातं. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला की तो सोफ्यामागे जातो आणि मी दर वेळी तेच सांगते, "अहो आई, कळतं त्याला सगळं, फक्त बोलत नाही." एक दिवस मीही भुवई वर करून थांबून पाहिलं. त्याला दूध हवं होतं. त्याने खुर्ची ओढली, फ्रिज उघडला आणि स्वतःच घेतलं. त्याच आठवड्यात तिच्या दारात मी त्याला फ्रेंच बोलताना ऐकलं. सबंध वाक्य, हातवारे करून. ती कौतुकाने म्हणाली, "त्याचा कान फार चांगला आहे." मी हसले. जिना चढताना मात्र मनात म्हटलं, मग माझ्या भाषेलाच कुठे जातो हा कान?

मागे एका गुरुवारी मी लवकर सुटले. मुलं मागच्या अंगणात खेळत होती आणि मी सायकल लावत होते. तेवढ्यात मुलगा स्कूटरवरून आपटला आणि ओरडला, "आय! आय!" आई, तू तुझ्या आईला आयच म्हणायचीस. लागलं की तुझ्या तोंडून तेच यायचं. मी सायकल तशीच टाकली आणि "आले रे, आले!" म्हणत धावले. पोचेपर्यंत तो फ्रेंच बाईच्या खांद्याला बिलगून उभा, आणि ती खाली बसून त्याच्या गुडघ्यावर फुंकर घालतेय. मी हात पसरून तशीच राहिले. म्हटलं, "तो मला हाक मारत होता." ती हसली. मनात काही नव्हतं तिच्या, पण हसली. म्हणाली, "नाही नाही, आम्ही फ्रेंच लोक लागलं की असंच ओरडतो." तिची मोठी मुलगीही जर्मनमध्ये म्हणाली, "गेनाऊ", अगदी बरोबर. मी त्याचा हात धरला आणि तिला सांगून टाकलं, "उद्यापासून मी त्याचं बघेन." वर येईपर्यंत तो रडत होता, आणि गुडघ्यासाठी रडत नव्हता हे मला कळत होतं.

शुक्रवारी मी घरून काम केलं. तो खिडकीशी बसून अंगण बघत राहिला, आणि मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावून मला आपलं चिंचवडचं घर दिसत होतं. दोन खोल्या, आणि त्यात तुझं पाळणाघर. दुपारी सगळी मुलं ओळीने झोपलेली, बँकेतल्या बाईंची मुलगी तुझ्या मांडीवर, आणि मी शाळेतून येऊन दप्तरासकट दारात उभी. मी म्हणायचे, "तिला खाली ठेव ना." तू म्हणायचीस, "तिची आई दिवसभर तिच्यावाचून राहते. तुझी तर इथेच आहे." एवढंच, आवाज न चढवता. संध्याकाळी तू सगळ्यांची तोंडं धुवायचीस, वेण्या घालायचीस, आणि त्यांच्या आया यायच्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायचीस. पोरं हाका मारायची तरी बाहेर यायची नाहीस. पाठ करून पोळ्या लाटत बसायचीस. मला वाटायचं, कंटाळली ही त्यांना. त्या बायका दारात चप्पल न काढता उभ्या असायच्या, आणि मूल पुढे येईपर्यंत त्यांचं तोंड कसं व्हायचं, ते मला शुक्रवारी आठवलं. तू आत का जायचीस तेही तेव्हाच समजलं.

रविवारी फ्रेंच बाई त्याची टोपी घेऊन वर आली. आत यायला तयार नव्हती. दारातच म्हणाली, "एक विचारायचंय. नको म्हणजे काय?" मी टोपी हातात घेतली. ती पुढे म्हणाली, "माझी धाकटी दिवसभर मला नको, नको म्हणते. जर्मनशी भांडून मी दमले होते, आता हे काय नवीन? तुझा मुलगा तिच्याशी तुमच्याच भाषेत बोलतो. ती चार वर्षांची. तिला सगळं समजतं म्हणे." तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ती हसत होती, पण पुरती नाही. ते हसू मी चांगलं ओळखते. मी तिला नकोचा अर्थ सांगितला. मग चहा केला, आणि ती आत येऊन बसली.

सोमवारपासून मुलगा पुन्हा खाली जातो. माझा हेवा गेला असं समजू नकोस. उलट आता त्या चार वर्षांच्या पोरीचाही वाटतो, कारण माझ्याशी अजून तो जर्मनच बोलतो. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, तेव्हा एक सांगून टाकते. मी हल्ली ऑफिसमधून थोडी लवकर निघते. नवऱ्याला माहीत नाही. त्यांच्या दाराबाहेर पायरीवर बसते, कोट मांडीवर घेऊन, आणि घंटी वाजवत नाही. आतून त्याचा आवाज येतो. त्या धाकटीला मराठीत ओरडत असतो, "असं नाही गं, असं धर. किती वेळा सांगायचं तुला?"