दर बाळामागे एक दात

३ मार्च
दोरा दाताने तोडला तर पांढऱ्या दोऱ्याला लाल टोक! गिऱ्हाइकाच्या शर्टाला लागलं नाही, नशीब. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीच्या हिरड्यांतून रक्त यायचंच. माझी चार मुलं, चार दात. दर बाळामागे एक द्यावाच लागतो!" आणि हसल्या. मीही हसले.

९ मार्च
ब्रश लावला की झोंबतं. लावणंच सोडलंय.

१४ मार्च
पुढच्या दोन दातांमध्ये गाठ! डाळिंबाच्या दाण्याएवढी, लालभडक. यांना दाखवली नाही — बाळाला काही झालं असेल तर? दुकानात दिवसभर तोंडावर हात ठेवून बोलले. पण मालकीणबाईंच्या नजरेतून काही सुटतंय थोडंच! माझं मशीन बंद करून म्हणाल्या, "हात काढ." बघितलं आणि थेट दातांच्या डॉक्टरीणबाईंना फोन. "शिवण उसवली की लगेच टाका घालायचा, हे तुला मी सांगू?"

१६ मार्च
सासूबाई बरोबर आल्या, त्या अडवायलाच. "पाचवा महिना आहे, तोंडात हत्यारं घालू नका हो!" डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नीट तपासून शांतपणे सांगितलं — गाठ साधी आहे, गरोदरपणात येते कधीकधी, बाळंतपणानंतर बहुतेक आपसूक जाते. दातांवर थर साचलाय, म्हणून हिरड्या सुजल्यात. या दिवसांत त्या जरा जास्तच चिडतात. साफ करायला धोका नाही, तसंच ठेवलं तर त्रास वाढेल. "आणि आजी, बाळासाठी दात द्यावा लागत नाही."
साफ करताना मात्र माझा हात सासूबाईंनीच धरला होता. घट्ट!
रात्री यांना सगळं सांगितलं. "एकटीच घाबरत बसलीस?" एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

२९ मार्च
रक्त थांबलं! दोन्ही वेळा ब्रश, हलक्या हाताने. गाठ आहे अजून, पण आता तिची भीती नाही. सफरचंद कराकरा चावून खाल्लं, तर बाळाने आतून लाथ मारली. किती माणसं धावली माझ्यासाठी! मालकीणबाईंना मिठीच मारली. "अगं सोड, टाचण्या आहेत अंगावर!"

३० मार्च
सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "म्हणजे माझेही चार राहिले असते का गं?"
त्यांच्या उरलेल्या दातांसाठी डॉक्टरीणबाईंकडे उद्याची वेळ घेतली आहे.