चंबूच्या बुडाचा डाग

सोमवार, ३
सापळे आठ, पतंग शून्य! संयुग क्रमांक ६१ नेही तोंडावर पाडलं. मादी पतंगाचा वास प्रयोगशाळेत तयार करायचा, नर भुलून सापळ्यात शिरणार, मग अंडी नाहीत आणि टोमॅटोत अळ्याही नाहीत — कागदावर किती सोपं! साहेब म्हणाले, "तीस तारखेपर्यंत बघू. मग हा विषय बंद." माझी तीन वर्षं गेली यात.

मंगळवार, ४
मावशींवर ओरडले. काचसामान धुणं त्यांचं काम, आणि मोठ्या चंबूच्या बुडाला कसला तरी जुनाट पिवळा डाग! न बघताच त्यात ६१ ची नवी खेप केली, तीही पिवळी. ओतून दिली, निम्मी ॲप्रनवर. "असली घाण मला पुन्हा दिसता कामा नये!"

शुक्रवार, ७
नवा चंबू. शुद्धता ९९.६ टक्के! सापळ्यांत एक गोगलगाय.

रविवार, ९
कपडे नवराच धुतो. संध्याकाळी गॅलरीतून ओरडला, "अगं, तुझ्या ॲप्रनला पाखरं लागलीत!" दोरीवर तीसेक पतंग. म्हणाला, धुऊनही पिवळा डाग राहिलाय, उकळून काढतो. म्हटलं, काढ बाबा.

सोमवार, १०
दात घासताना डोक्यात प्रकाश पडला. ते पतंग आपलेच! ६१ मध्ये जे कमी होतं ते त्या डागात होतं, आणि मी बाई शुद्धतेच्या मागे! काखेत कळसा नि गावाला वळसा.
धावत गॅलरीत गेले. इतका पांढराशुभ्र ॲप्रन जन्मात पाहिला नव्हता. नवरा शाबासकीची वाट बघत उभा.
तशीच प्रयोगशाळेत. मावशी म्हणाल्या, "तो चंबू? घासून लख्ख केला की, मॅडम. हा बघा." खरंच लख्ख होता.

बुधवार, १२
डाग कशाचा होता? त्या चंबूत मीच वीसेक संयुगं केली असतील. आठवत नाही. साहेबांनी विचारलं, "काही प्रगती?" म्हटलं, "ॲप्रन स्वच्छ निघालाय."

शुक्रवार, १४
दिवेलागणीला मागच्या मोरीच्या खिडकीवर पतंगांची झुंबड! आत बादलीमागे, फडक्यात गुंडाळलेला — तोच चंबू, डागासकट.
मावशी धावत आल्या, डोळ्यांत पाणी. "निघेचना तो, मॅडम. तुम्ही ओरडाल म्हणून दुसराच दाखवला. आत्ता घासते, द्या इकडे—"
"हात लावू नका!" मी ओरडलेच. सवय! मग चंबू एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांना मिठी मारली. त्या जास्त घाबरल्या.