बुधवारचा रस्सा आणि आठवीचं ताट

मी, खाली सही करणारी, वय सतरा वर्षं दोन महिने, काम लुथरन चर्चच्या मंडळीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणं, भांडी घासणं आणि दानात आलेलं सामान निवडणं, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. कुणी जबरदस्ती केलेली नाही. डोकं ठिकाणावर आहे. किळस आली आहे हे खरं, पण त्यामुळे मी वेडी ठरत नाही. इथे महिनाभर काम केलं तर ठिकाणावरच्या कुठल्याही डोक्याला येईल.

कोर्टाबाहेर टायपिंग करणारे काका म्हणाले, अठरा पूर्ण नसतील तर मृत्युपत्र चालत नाही. नाही तर नाही. मंगळवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत आणि मी अठराची होईपर्यंत मंगळवार थांबत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं ऑपरेशन आहे. मग साध्या ऑपरेशनची दोन पानं सहीला दिली. त्यात मरणं तिसऱ्या ओळीत होतं, आवाज जाणं पाचव्या ओळीत. आईने न वाचता सही केली. मी वाचलं.

मंडळीत मला गुपचिळी म्हणतात. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून जे आहे ते इथे.

कलम १. खिडकीजवळची खाट धाकट्या भावाला. तो आता आठवीत आहे. पाय धुतल्याशिवाय चढायचं नाही, मी नसले तरी.

कलम २. सोलायची छोटी सुरी मावशीला. ही माझी सख्खी मावशी नाही. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आहे आणि सगळेच तिला मावशी म्हणतात. शाळा सोडल्यावर मी मागच्या दारात नुसतीच उभी राहायचे, तेव्हा तिने काही न विचारता हातात बटाटा दिला. बुधवारी इथे दीडशे माणसं जेवतात, पाव आणि बटाट्याचा रस्सा. तो रस्सा मावशीमुळे रस्सा आहे, नाहीतर मंडळीने दिलेल्या सामानात त्याचं धुणवणी झालं असतं.

कलम ३. रबरी हातमोजे माझ्या जागी जी कुणी येईल तिला. तिने हे वाचावं. चर्चच्या पुढच्या दाराशी पेटी आहे, वर लिहिलंय 'भुकेल्या शेजाऱ्यांसाठी'. लोक घरातली कपाटं साफ करतात आणि त्या पेटीत टाकतात. तारीख गेलेलं पीठ, त्यात अळ्या. पाणी लागून दगड झालेलं दूध पावडरचं पाकीट. एकदा मांजराचं खाणं आलं. मी ते वेगळं ठेवलं तर देणारी बाई म्हणाली, मांस आहे गं त्यात, ताकद येते. फुगलेला डबा कधी उघडू नकोस. मी उघडला होता, केसांतला वास तीन दिवस गेला नाही. रविवारी उपासनेत देणाऱ्यांची नावं वाचतात. त्या फुगलेल्या डब्याचंही वाचलं. नियम एकच लक्षात ठेव: स्वतःच्या धाकट्या भावंडाला देणार नाहीस ते ताटात वाढायचं नाही.

कलम ४. मंडळीचा कारभार बघणाऱ्या थोरल्या पंचांच्या बायकोला, पंचबाईंना, त्यांचीच जामची बाटली परत. मी ती जपून ठेवली आहे. अर्धी खाल्लेली, आत लोण्याचे गोळे, चमच्याच्या खुणा आणि एक लांब केस. उष्ट्या हाताने कावळा न हाकणारी बाई, पण दर बुधवारी चार खणांचा स्टीलचा डबा घेऊन येते आणि रांग सुरू व्हायच्या आधी आपला हात जगन्नाथ. डाव तळापर्यंत घालते, कारण बटाटे तळाशी असतात. मावशीने एकदा हटकलं तर बाई म्हणाल्या, उरतंच की. उरत नाही. शेवटच्या वीस जणांना पाव आणि पाणी मिळतं, त्या पाण्याला आम्ही रस्सा म्हणतो.

कलम ५. थोरल्या पंचांना माझा एप्रन, न धुता. तो त्यांनी फोटोसाठी घातला होता. मंडळीच्या पत्रिकेत छापायला त्यांना हातात डाव हवा होता आणि समोर गरीब हवा होता. रांगेतले शिंपीआजोबा पुढे होते, म्हणून ते गरीब ठरले. फोटो तीनदा काढला. दर वेळी आजोबा तोंडासमोर ताट धरायचे. पंच म्हणाले,

"आजोबा, ताट खाली. जरा हसा की, जेवायला मिळतंय."

आजोबा हसले. पंचांनी डाव माझ्या हातात दिला आणि हात पुसले. आजोबा पुढच्या बुधवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. मी पंचांच्या चहात थुंकले नाही, एवढंच पुण्य माझ्या नावावर आहे.

कलम ६. दृढीकरणाचा, म्हणजे चर्चमध्ये स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला त्या दिवशीचा, पांढरा फ्रॉक चर्चच्या पाळकांकडे द्यावा. पुढच्या मुलीला होईल. पाळक वाईट नाहीत आणि त्याचीच जास्त चीड येते. दृढीकरणाच्या वर्गात त्यांनीच शिकवलं, आपण प्रार्थनेत रोजची भाकर मागतो तेव्हा नुसती भाकर मागत नाही. डोक्यावर छप्पर, पायात चपला, बरे शेजारी आणि न्यायाने वागणारं सरकार, हे सगळं त्या मागण्यात आलं. मला ते इतकं पटलं की मी मावशीला म्हटलं, मग सरकारकडे का मागत नाही? त्यातून पत्र तयार झालं. त्याचं सांगते, आधी आईचं.

कलम ७. आईला माझी शाळेची वही आणि एक गोष्ट, जी मी तीन वर्षं सांगितली नाही. आई, तुला वाटतं मला अभ्यासाचा कंटाळा आला. तू इस्त्रीच्या दुकानात बायकांना सांगतेस, पोरीचं डोकं चाललं नाही. डोकं चालत होतं. आमच्या शाळेत दुपारचं जेवण आठवीपर्यंत मिळतं. नववीपासून नाही. आठवीची मुलं वऱ्हांड्यात जेवायची आणि आम्ही नववीची वर्गात बसायचो, खिडक्या उघड्या. घरी सकाळी जे होतं ते मी धाकट्याला द्यायचे. एक दिवस मी आठवीच्या रांगेत उभी राहिले. वाढणाऱ्या बाईने ताट हातातून काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढी घोडी झालीस, लहानांचं खातेस?" दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. मग कधीच गेले नाही. तुझी चूक नाही. तुला सांगितलं असतं तर तू स्वतःचं जेवण मला दिलं असतंस, आणि तू आधीच एका वेळेला जेवत होतीस. हे मला माहीत होतं.

कलम ८. पत्र. ते शिक्षण खात्याला आहे, पाळकांनी टाइप केलंय. शाळेतलं जेवण दहावीपर्यंत द्या, एवढंच त्यात आहे. खातं एकट्यादुकट्याचं पत्र घेत नाही, संस्थेचा शिक्का लागतो. मंडळीचा शिक्का वार्षिक सभेत हात वर झाल्याशिवाय मिळत नाही. सभा उद्या, रविवारी. उद्या नाही झालं तर पुढच्या वर्षी, आणि तोवर धाकटा नववीच्या वर्गात, उघड्या खिडकीशी.

पंचांच्या बैठकीत मी चहा द्यायला होते. थोरले पंच म्हणाले, आपण पोटं भरायची, अर्ज करत फिरायचं नाही, मंडळी राजकारणात पडत नाही. बुधवारी जेवलेला माणूस गुरुवारी परत भुकेला होतो, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. पाळकांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. चहात काही नव्हतं. मी ट्रे धरून उभी होते, मला सगळं बोलता येत होतं, आणि मी बिस्किटं पुढे केली. या कलमातली किळस माझी मलाच आहे.

~~तरी सदर पत्र मी मावशीच्या स्वाधीन करते. तिने ते माझ्या मागे सभेत सर्वांसमोर वाचून दाखवावं.~~

वरची दोन वाक्यं मीच खोडली आहेत, शेजारी सही केली आहे. कारण असं की कागद साक्षीसाठी मावशीकडे दिला. ती ओट्याला टेकून सगळं वाचत गेली. चौथ्या कलमाला हसली. सातव्याला तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, टायपिंगवाल्याने सांगितलं नाही का, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही. सुरी नको मला, ती तशीही मंडळीचीच आहे. पत्रही नको.

मी म्हटलं, मावशी, तू बोलतेस, तुझं ऐकतात.

"माझं कसलं ऐकतात? मी नववीत उपाशी बसले नव्हते. आणि अगं बये, तू मेल्यावर वाचायचं म्हणतेस. सभा उद्या आहे. ऑपरेशन मंगळवारी. रविवार मंगळवारच्या आधी येतो."

हे मला खरंच सुचलं नव्हतं. मी इतके दिवस फक्त मंगळवार धरून बसले होते.

मी म्हटलं, माझा आवाज निघाला नाही तर?

"नाही निघाला तर उभी राहा. तू खाली बसेपर्यंत कुणाला घरी जाऊ देणार नाही. दाराला मी आहे."

म्हणून सदर पत्र कुणालाही दिलेलं नाही. ते माझ्याकडे आहे. कलम २ रद्द. बाकी सगळं कायम, जामची बाटली धरून.

हे लिहिलेलं मी पुन्हा वाचलं, समजलं, आणि कुणाची माफी मागावी असं त्यात सापडलं नाही.

सही: (माझी, पूर्ण नावाने, शाळेत शिकवली तशी)

साक्षीदार १: मावशी. सहीखाली तिने लिहिलंय, 'उद्या दहाला, पुढच्या दाराने ये.'

साक्षीदार २: बटाटेवाला. पोती उतरवताना पोत्यावरच कागद ठेवून सही केली. वाचलं नाही. विचारलं, कोण मेलं? मावशी म्हणाली, कुणी नाही.

ठिकाण: मंडळीचं स्वयंपाकघर.
वार: शनिवार, दुपार.