वाकड्या रस्त्याचा पडदा

मंगळवारी दुपारी टेम्पोने घरी आलं ते असं: गुंडाळलेले पडदे, दांड्यांसकट, नऊ. दोरखंडाची वेटोळी दोन. वाळलेल्या रंगांच्या डब्यांचं खोकं एक. यजमानांची शिडी, जिची मोडकी पायरी त्यांनीच सुतळीने बांधली होती, एक. टेम्पोचं भाडं सहाशे, उतरवून घेणाऱ्या दोघांना पन्नास-पन्नास आणि चहा. खरं म्हणजे हे पैसे नाट्यगृहाने द्यायचे, कारण पाठवलं त्यांनी. पण पावती माझ्या नावाने फाडून ते मोकळे झाले. नाट्यगृह पाडायला काढलं आहे, गोदाम रिकामं करायचं होतं, आणि पडदे रंगवणाऱ्याचं घर ठाऊक होतं. असो. माल दारात येऊन पडला आणि त्यामुळे हे मृत्युपत्र लांबणीवर टाकता येईना.

तर मी, वय वर्षं एकाहत्तर, मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम, देवाचं नाव घेऊन आणि डोकं ठिकाणावर ठेवून हे माझ्या हाताने लिहीत आहे. कुणी दटावलेलं नाही, कुणी गोड बोलून बसवलेलं नाही. नावं, पत्ता, जागेची मोजमापं वकीलसाहेबांच्या टाइप केलेल्या पहिल्या पानावर आहेत. तेच पुन्हा लिहून कागद नासवत नाही. इथे मी माणसांना घरात जशी हाक मारते तशीच लिहिते.

पुढच्या महिन्यात माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, साधं आहे." साधं असतं तर घरच्यांना घेऊन या म्हणाले नसते. मला भीती वाटत नाही. हे गेल्याला वर्ष होत आलं, तेव्हापासून काही वाटायचंच बंद झालं आहे. सकाळी पोथी वाचते, पानं उलटतात. जेवते, पण मीठ पडलं आहे की नाही ते कळत नाही. हे दुःख आहे की नुसता थकवा, देव जाणे. डोकं मात्र चालतं.

कलम एक. घर, म्हणजे पुढच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची, हे थोरल्याला. तो परगावी असतो, पण दर रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न "औषध घेतलंस का?" हाच असतो. सूनबाईने मागच्या आजारपणात रजा काढून माझं सगळं केलं, तोंड वाकडं न करता केलं. म्हणून घराला दोघांची नावं लावावीत. एकच अट, स्वयंपाकघरातली कोपऱ्यातली खिडकी बुजवू नये. थोरला म्हणतो, "आई, त्या खिडकीतनं वाराही येत नाही, नुसती धूळ." येऊ दे धूळ. कारण पुढे लिहिलं आहे.

कलम दोन. बँकेतली ठेव आधी दवाखान्याला. उरेल ती दोन्ही मुलांना सारखी. उरली नाही तर भांडायला काही नाही, तेही बरंच.

कलम तीन. यजमानांचे सगळे ब्रश, रंग कालवायच्या वाट्या आणि सरस, म्हणजे रंगात घालायची चिकट खळ, उकळायचं मोठं पातेलं बोर्डवाल्याला. हा यांचा जुना विद्यार्थी, दुकानांच्या पाट्या रंगवतो. हे गेल्यावर रविवारचा चित्रकलेचा वर्ग बंद पडू नये म्हणून तोच मागच्या शेडमध्ये मुलांना घेऊन बसतो. मनाने सोन्यासारखा. पण त्याला अक्षरं येतात, झाडं येत नाहीत. त्याची झाडंसुद्धा पाटीवरच्या अक्षरांसारखी ताठ उभी राहतात. तो स्वतःच म्हणतो, "काकू, मी नुसता बाकं राखतोय. शिकवणारं माणूस बघा." पातेल्याबद्दल त्याच्या बायकोला एवढंच सांगणं की त्यात अन्न शिजवू नये. आमच्या जाऊबाईंनी एकदा मला न विचारता पाहुण्यांसाठी त्यात भात टाकला होता. तो भात कुणाला पातेल्यातून काढता आला नाही. त्यानंतर जाऊबाई आमच्याकडे जेवायला आल्या नाहीत, आणि त्याचा मला खेद नाही. "पडदे रंगवतो तो कसला कलावंत?" असं त्या चार बायकांत म्हणाल्या होत्या. त्यांना माझ्याकडून काही देऊ नये, पण आल्या तर चहा द्यावा.

कलम चार. भिंतीवरची लाकडी ढाल नाट्यमंडळाच्या सेक्रेटरींना परत करावी. यांनी तीस वर्षं पडदे रंगवले, कार्यक्रमपत्रिकेवर नाव कधी आलं नाही, आणि शेवटी सत्कार केला तर ढालीवर "उत्कृष्ट प्रकाशयोजना". यांनी घरातला बल्बसुद्धा कधी बदलला नाही, तो मी बदलत असे. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, बदलून देतो." अजून देत आहेत. माझ्या पाठीमागे त्यांनी सभा घ्यायची म्हटलं तर घेऊ द्यावी, पण माइक त्यांच्या हाती देऊ नये.

कलम पाच. मागची शेड, तिच्यापुढचं अंगण, हौद, मागचं फाटक आणि मंगळवारी आलेले नऊ पडदे, हे धाकटीला, म्हणजे माझ्या मुलीला. हे कलम लांब आहे. वकीलसाहेब म्हणाले, "एका ओळीत होईल." होईल, पण मग ती घेणार नाही.

पडद्याचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जाड्याभरड्या मांजरपाटाला सरस आणि सफेता लावायचा. तो वाळला की त्यावर पुडीच्या रंगांनी देखावा काढायचा. देखावा जुना झाला, नकोसा झाला, की पडदा हौदात टाकून धुवायचा आणि त्याच कापडावर दुसरा काढायचा. कापड टाकून देणं आमच्याकडे नाही. कितीही धुतलं तरी आधीचं अगदी जात नाही, उन्हात धरलं की खालून दिसतं. आणि नाट्यगृहाच्या गोदामात जागा कमी, म्हणून तिथे प्रत्येक देखावा एकेकच ठेवत. जंगल एक, राजवाडा एक, बाग एक, रस्ता एक.

यांचा रस्ता शहरभर नावाजलेला होता. सरळसोट, दोन्हीकडे सारखी घरं, टोक बरोबर मध्ये. वर्गातल्या मुलांना तेच घोकायला लावत. धाकटी त्या वर्गात सगळ्यांत पुढे बसायची आणि सगळ्यांत आधी उलट बोलायची. ती कॉलेजात असताना एकदा यांचं मनगट दुखावलं, यांचा रस्ता डागडुजीला शेडमध्ये येऊन पडला होता, आणि एका मंडळाला नवा रस्ता हवा होता. तो तिने एकटीने काढला. सरस मी उकळून दिला. झाला तेव्हा यांनी शेडमध्ये जाऊन पाहिला. मी दारात होते.

"हा रस्ता आहे? वाकडा का?"

"असतो बाबा, वाकडा."

"लोक पैसे देऊन बसणार आणि माना मोडून बघणार?"

"माना नाही मोडायच्या. यात कोण कुठेही उभा राहू दे, तो रस्त्यातच वाटेल. तुमच्या रस्त्यात मधोमध उभा राहिला तरच माणूस. जरा सरकला की भिंतीतनं आल्यासारखा."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत, म्हणून बोलतेय."

"धुऊन टाकतो," हे म्हणाले, आणि आत येऊन जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदातलं पाणी रंगीत झालं होतं आणि हे डाव्या हाताने कापड पिळत होते. धाकटी आली. "माझा धुतलात?" तिने विचारलं. यांनी पिळायचं थांबवलं नाही आणि वरही पाहिलं नाही. ती दुपारच्या गाडीने गेली. परगावी शाळेत चित्रकला शिकवते. लग्न केलं नाही, तो तिचा प्रश्न. मला भेटायला ती बसस्टँडपर्यंत येते. आम्ही बाकावर बसून डबा खातो, ती परत जाते. घराची पायरी तिने बावीस वर्षांत चढली नाही. बाप गेला तेव्हाही नाही. हे मी रागाने लिहीत नाही. राग यायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

मी नाटकाला कधी गेले नाही. पास यायचे, ते शेजारच्या कंपाउंडरीणबाईंना द्यायची. एवढ्या उशिरा सुरू होणारी गोष्ट बघून पहाटे पूजेला उठणार कोण? घरी सरस उकळला की माझं नाटक संपलं.

मंगळवारी टेम्पोबरोबर नाट्यगृहाचे दारवाले काका आले होते. तिकिटं फाडायचं काम केलं त्यांनी, आता तेही घरी बसणार. उंदरांनी काही कुरतडलं आहे का ते बघायला आम्ही एकेक पडदा अंगणात उलगडत होतो. शेवटचा उलगडला.

"आणि हा आपला नेहमीचा रस्ता," काका म्हणाले. "मोठं नाटक असो, शाळेचं गॅदरिंग असो, रस्ता म्हटलं की हाच."

मी म्हटलं, "हा नव्हे. यांचा रस्ता सरळ होता."

"सरळ? मी नोकरीला लागल्यापासून हाच बघतोय बाई. लोक मला विचारायचे, ओळखीचा वाटतो, कुठला हो? आता मला काय माहीत कुठला!"

मला माहीत होतं. सायकलवाल्याच्या दुकानाच्या पायऱ्या, एका अंगाला कललेला विजेचा खांब, समोरच्यांचं अर्धवट उघडं दार, आणि तिथून वळून दिसेनासा होणारा रस्ता. भांडी घासताना मी रोज हेच बघते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे असंच दिसतं, कारण ती खिडकी कोपऱ्यात आहे. कलम एकमधली अट त्यासाठी आहे.

काका पुढे म्हणाले, "साहेब दर दोन-तीन महिन्यांनी यायचे याच्यासाठी. नटांच्या पायांनी खालची कड घासते ना, तेवढी रंगवून जायचे. मी म्हणायचो, साहेब, वरचं आभाळ पण विटलंय, मारा की एक हात. तर म्हणायचे, तिथलं काम माझं नाही."

मग मी बागेचा पडदा उचलायला सांगितला, कारण त्या सकाळी पिळलेल्या कापडावर यांनी पुढे बागच काढली होती. टेम्पोवाल्या दोघांनी तो उन्हात धरला. कारंज्याच्या मागे, फुलांच्या खालून, सरळसोट रस्ता दिसत होता. दोन्हीकडे सारखी घरं, टोक बरोबर मध्ये. त्या सकाळी हौदात काय होतं ते तेव्हा कळलं. गोदामात रस्ता एकच राहू शकत होता. यांनी आपला धुतला.

मला रडू आलं नाही. आत गॅसवर पाणी ठेवलं होतं, ते बंद करून आले.

हे तिला का सांगितलं नाही, मला का सांगितलं नाही, हे विचारायला आता माणूस नाही. सांगायचं तर "तुझा चांगला आहे" असं म्हणावं लागलं असतं. वर्गातल्या एकाही मुलाने यांच्या तोंडून "चांगला" हा शब्द ऐकलेला नाही. फार झालं तर "चालेल".

शेडची अट अशी. धाकटीने ती घेतली तर रविवारचा वर्ग तिने चालवावा. तिला हवं ते शिकवावं, सरळ किंवा वाकडं. राहायला थोरल्याच्या घरात यायची सक्ती नाही, मागचं फाटक वेगळं आहे. माझं ऑपरेशन होईपर्यंत तिने लेखी होकार दिला नाही, तर शेड थोरल्याची. त्याच्याकडे गोदामासाठी गिऱ्हाईक येऊन गेलं आहे. "आई, गळकं डबडं आहे ते, दोन पैसे येतायत तोवर देऊन टाकू," असं तो म्हणतो. तोही चुकीचं बोलत नाही, पत्रे खरंच गळतात. तसं झालं तर पडदे बोर्डवाल्याने न्यावेत आणि धुऊन कापड वापरावं. मांजरपाट अजून चांगला आहे. धुवायचे ते सगळे नऊ. त्यात अपवाद ठेवत नाही.

कलम सहा. माझ्यामागे फुलांवर खर्च करू नये. वर्गाच्या मुलांना कागद आणून द्यावेत. पोथी सूनबाईला, तिच्या पोथीची पानं फाटली आहेत.

वर लिहिलेलं मी वाचून पाहिलं. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे बाजूला सही केली आहे. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

सही: पडदेवाल्यांची बायको, या घरची मालकीण.

साक्षीदार पहिले: शेजारचे कंपाउंडर. म्हणाले, "काकू, एवढं मोठं पाचवं कलम मी कुठे पाहिलं नाही." सही केली.

साक्षीदार दुसरे: नाट्यगृहाचे दारवाले काका. चष्मा विसरले म्हणून मी वाचून दाखवलं. आभाळाचं बरोबर लिहिलंय म्हणाले. सही केली.

बोर्डवाल्याला साक्षीला घेतलं नाही. त्याला ब्रश दिले आहेत, म्हणून चालत नाही. त्याने तोवर मुलांची बाकं उचलून ठेवली.

ठिकाण: मागची शेड. दिवस: रविवार, वर्ग सुटल्यावर.

धाकटीला पाठवायच्या नकलेवर जादा मजकूर:

फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि ठेवतेस. "बरं" वकील धरत नाहीत, म्हणून हे टपालाने पाठवते. घरी ये असं लिहीत नाही. बाप तसा का वागला हेही लिहीत नाही, मला माहीत नाही. पडदा शेडमध्ये वरच्या वाशाला टांगून ठेवला आहे. खालची वीतभर कड त्यांची आहे, वरचं सगळं तुझं. आभाळ फार विटलं आहे. बोर्डवाला म्हणाला, "काकू, मी हात मारू का?" मी नको म्हटलं.

ठेवायचा की धुवायचा, ते परतीच्या टपालाने कळव. तिकीट लावलेलं पाकीट आत घातलं आहे. वाया घालवू नकोस.