टिटवीच्या अंड्यांजवळची लाल रिबन

रविवार, संध्याकाळी

ती लाल रिबन अजून माझ्या पर्समध्येच आहे. टाकून का देत नाही मी?

सकाळी उचगावच्या आमच्या शेतात ढेकळांमध्ये टिटवीची चार अंडी दिसली. उद्या नांगरटीला ट्रॅक्टर येणार. ड्रायव्हरला जागा कळावी म्हणून मी शेजारी काठी रोवली, तिला रिबन बांधली आणि पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर फोटोही टाकला. सगळ्यांनी कौतुक केलं. टिटवी मात्र डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती.

दुपारी आप्पा शेतात आले. बघताक्षणी त्यांनी काठी उपटली.

"कावळ्याला पत्ता लिवून दिलीस व्हय गं, ग्रॅज्युएट बाई?"

"मग ट्रॅक्टरवाल्याला कसं कळणार, आप्पा?"

"मी चालतो की त्याच्या म्होरं. दरसाली तेवढा तुकडा सोडतोच न्हवं आपण."

दरसाली! आणि मला माहीतच नव्हतं. मी कॉलेजात पक्ष्यांची नावं पाठ करत होते.

रिबन दुपारपर्यंत तिथे फडफडत होती. तेवढ्यात कावळ्याने पाहिलं असेल का? परत जाऊन बघणार होते, पण आप्पा म्हणाले, आता तिला बसू दे.

चार होती. उद्या चारच असू देत.