मशीन कुठं अडलं?

१४ नोव्हेंबर १९७८

परत अडलं! मुडदा बशिवला त्या मशीनचा!

आमच्या सोसायटीच्या सभासदांच्या यादीत गावांची नावं ज्यानं त्यानं मनाला येईल तशी छापल्यात. एकट्या कवठे महांकाळची चार रूपं! आजवर मी हातानं सरळ करायची; आता ती सगळी आपोआप सरळ करायला आमच्या मशीनवाल्या मदननं हुकुमांची पट्टी केलीया. कागदाची लांब पट्टी, तिला भोकं. मशीन पट्टी वाचतं, यादी दुरुस्त करतं. करतं कसलं! मधीच थांबतं आन माज्यापुढच्या टाइपरायटरवर एक प्रश्नचिन्ह छापतं. कुठल्या हुकुमावर अडलं? सांगत न्हाई! मुकं म्हसरू बरं, दुखतंय तिकडं मान तरी वळवतं.

साहेब म्हनलं, "सोमवारपतुर पट्टी चालली न्हाई तर सगळं काम पुण्याला धाडतो. मग मशीन न्हाई आन बाई बी न्हाई."

म्हंजे मी परत शिराळ्याला, दिराच्या चुलीपुढं. त्यापरास हितं सांगलीत उपाशी ऱ्हाईन.

१५ नोव्हेंबर

मदननं डोकं चालवलं. पोरगा हुशार हाय, खायाचं तेवढं इसरतो. पट्टीचं तुकडं पाडलं. एक तुकडा नीट पार पडला की मशीननं एक नाव छापायचं. शेवटचं छापलेलं नाव बघायचं — म्हंजे अडलंय त्याच्या फुडं.

"आकडे घालू का, शालूबाई?"

म्हनलं, "आकडे कशाला? मानसं घाल की!"

पयली दगडाबाई, आमची झाडूवाली. मग नानासो शिपाई. मग गुंडा रखवालदार. शेवटाला साहेब! मधलं चौथं मदननं घातलं, चहावाल्याचं. ते नाव मी हितं लिवत न्हाई.

१६ नोव्हेंबर

मदन आतल्या खोलीत पट्टीपाशी, मी भाईर छापील कागदापाशी. मशीनचा ह्यो खडखडाट! मी वरडून सांगायचं.

"दगडाबाई आल्या!"

"बरं!"

"नानासो आलं!"

"फुडं?"

"गुंडा आला! हे बी आलं!"

मग प्रश्नचिन्ह. साहेब काय आलं न्हाईत. साहेब कवा येळेवर आल्यात?

मदन म्हनला, सापडलं, गुंडाच्या फुडच्या तुकड्यात खोट हाय. दिसभर त्योच तुकडा नव्यानं भोकं पाडून बशिवला.

१७ नोव्हेंबर

तितंच अडतंय.

१८ नोव्हेंबर

परत त्योच तुकडा. मदननं एकेक भोक उजेडावर धरून बघितलं. डोळं लाल. माज्यावरच खेकसला, "गुंडाच्या फुडं सगळं बरोबर हाय! तरी अडतं कसं?"

म्हनलं, "गुंडाला इचार. रातचा झोपतो त्यो."

हसला न्हाई. पोरगं रडायच्या घाईला आलेलं.

१९ नोव्हेंबर, ऐतवार

सुट्टी आसून गेलो. आज मदन भाईर आला, कागद हातात घेतला आन गारच पडला.

"शालूबाई, हितं चौथं नाव छापलंय की!"

"व्हय की."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं की! 'हे बी आलं' म्हनलं, मान हलवली."

"मान मला भितीतनं दिसत्या व्हय? 'हे बी' म्हंजे मला गुंडाच वाटला! चार दिस मी चुकीच्या तुकड्यात मरतोय!"

मग सांगून टाकलं त्याला. चहावाल्याचं आन आमच्या मालकांचं नाव एकच. त्याला मी 'चहावालं भाऊ' म्हंते, सगळ्यांस्नी वाटतं बाई लय आदबशीर. मालक हुते तवा त्यांचं नाव घेतलं न्हाई, ते गेल्यावर बी न्हाई.

मदन खालीच बसला. म्हनला, "आमची आई बी अप्पांचं नाव घेत न्हाई. दुसरं नाव घातलं आसतं. पन आता पट्टी परत करायला दिस न्हाई." मग हळूच म्हनला, "ते नाव छापलं की त्याच दमाला नावानंच हाक पायजे, नुसतं 'आलं' म्हनलं तर परत घोळ. मी तितंच पट्टी धरतो. मग एकेक हुकूम सोडू."

"टाळी वाजवू?"

"ह्या खडखडाटात?"

बसले. दगडाबाई. नानासो. गुंडा. टाइपरायटर परत हालला. पयलं अक्षर, दुसरं.

"नाथाजी!"

काय वरडले! माजं मलाच कानात वाजलं. मदननं पट्टी धरली. आन दारात चहावाला हजर, किटली घेऊन — "काय पायजे, बाई?"

मदन हसून लोळला. मी हसले, मग पदर तोंडाला लावला.

खोट शिराळ्याच्या हुकुमात निघाली. शेवटचं भोकच पाडलं न्हवतं. शिराळाच आडवा यायचा हुता मला!

२० नोव्हेंबर, सोमवार

पट्टी चालली. साहेबाचं नाव बी छापलं. मी पंधरा दिसात केलं नसतं तेवढं मशीननं चहा निवायच्या आत केलं. पेढं वाटलं. मदनच्या पाठीवर थाप. मग साहेब माज्याकडं वळलं. "हातानं दुरुस्त करायचं काम आता काय उरलं न्हाई, शालूबाई. एक तारखेपास्नं येऊ नका."

आवं नाथाजी, तुमच्या भावाला काय सांगू?